अस्वलांच्या मुलखात कमरेला काय?

अलास्काला जाऊन आलो म्हटले की लोक आधी बर्फाबद्दल विचारतात. जूनमध्ये आम्हाला बर्फ दिसला तो फक्त डोंगरमाथ्यावर. आमच्या पंधरा दिवसांतला बराच वेळ गेला तो वेगळ्याच एका प्रश्नात, आणि चंद्रपूरहून निघताना तो आमच्या स्वप्नातही आला नव्हता. अस्वलासाठी पिस्तूल कोणते घ्यावे?

अस्वल आम्हाला नवे नाही. ताडोब्याच्या कडेच्या एका गावातून आमच्याकडे वर्षानुवर्षे दूध घालणारे एक बाबा आहेत. त्यांचा डावा गाल ओढून शिवल्यासारखा आहे आणि त्या बाजूचा डोळा पूर्ण मिटत नाही. ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी, पहाटे मोह वेचायला गेले असताना झाडाखाली आधीच बसलेल्या अस्वलाने त्यांना गाठले होते. आपल्याकडचे हे काळे, केसाळ अस्वल मोहफुलांसाठी माणसाइतकेच हावरे असते, आणि दचकले की थेट तोंडावर येते. त्यामुळे भाच्याने फोनवर सांगितले, “मामू, या वेळी तुम्हाला आणि मुमानींना जंगलातल्या लाकडी खोलीत दोन रात्री नेणार, चालत जायचं, जवळपास कोणी नाही,” तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर तो गाल आला.

भाचा अँकोरेजला चौदा वर्षे राहतो, आता तिथलाच नागरिक आहे. घरात बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. अँकोरेज हे अलास्कातले सर्वांत मोठे शहर, पण मागच्या अंगणातून हरणाच्या जातीचा घोड्याएवढा मूस चालत जातो आणि कोणी मान वर करून पाहत नाही. हा मुलूख महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा, आणि माणसे साडेसात लाखांच्या आत. १८६७ साली अमेरिकेने रशियाकडून तो ७२ लाख डॉलरना विकत घेतला. तपकिरी अस्वले, ज्यांना ग्रिझली म्हणतात, ती सुमारे ३०,००० आहेत असा तिथल्या वन्यजीव खात्याचा अंदाज आहे. म्हणजे दर पंचवीस माणसांमागे एक. काळी अस्वले त्याहून कितीतरी अधिक, लाखाच्या घरात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मगरिबला रात्रीचे पावणेबारा होत आणि अंधार असा पडतच नसे. पहिले तीन दिवस आम्ही नुसते घड्याळाशी भांडत होतो.

चौथ्या दिवशी भाचा म्हणाला, “चला, पिस्तूल बघून येऊ.”

त्याच्या कचेरीतले बहुतेक सहकारी मासेमारीला जाताना छातीवर पिस्तूल बांधतात. याने इतकी वर्षे टाळले होते, पण आता मुले, मामू, मुमानी असा लवाजमा घेऊन जंगलात जायचे होते. “काही झालं तर आपाला मी काय तोंड दाखवू?” असे तो म्हणाला. आपा म्हणजे त्याची अम्मी, आमची बहीण. त्याच्या बायकोने भांडी पुसता पुसता एवढेच म्हटले, “बघून या. पण घरात आणायच्या आधी माझ्याशी बोला.”

दुकान आपल्याकडच्या सराफाच्या पेढीसारखे होते. लांबलचक काचेची पेटी, खाली दिवे, आणि मखमलीवर ओळीने पिस्तुले. मालक पांढऱ्या दाढीचा, जाडसर, मृदू आवाजाचा माणूस. आम्ही समजत होतो की तो सर्वांत महागडे काढून पुढे ठेवील. त्याने आधी तीन प्रश्न विचारले. कुठे जाणार? याआधी कधी चालवले आहे का? घरात मुले आहेत का? दुसऱ्या प्रश्नावर भाच्याने दोनदा मित्राबरोबर नेमबाजीच्या मैदानावर गेल्याचे सांगितले. मालकाने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

मग त्याने तीन शस्त्रे काढली. पहिले रिव्हॉल्व्हर म्हणजे लहानशी तोफच. आपल्याकडे ज्याला बोअर म्हणतात ते याचे अर्ध्या इंचाचे, नाव ५०० मॅग्नम. २००३ साली बाजारात आलेले, चक्रीत पाच गोळ्या, आणि लांब नळीचे असले तर वजन दोन किलोच्या आसपास. “हे मी खूप विकतो,” मालक म्हणाला, “आणि सहा महिन्यांनी खूप परतही घेतो. लोक एकदा चालवतात, मनगट धरून बसतात.” दुसरे ४४ मॅग्नम, हेही रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्यांचे. १९५० च्या दशकापासून अलास्कातल्या लोकांच्या अंगावर असलेले हे जुने, खात्रीचे हत्यार. तिसरे चपटे, काळे, आपोआप पुढची गोळी भरणारे पिस्तूल, दहा मिलिमीटरचे. त्यात पंधरा गोळ्या मावतात आणि भरूनही वजन किलोपेक्षा थोडेच जास्त. ग्रीनलंडच्या बर्फात कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारे डेन्मार्कचे सैनिक पांढऱ्या अस्वलांसाठी हेच बाळगतात, असे त्याने सांगितले.

भाच्याने सवयीने ते दहा मिलिमीटरचे पिस्तूल आमच्याकडे सरकवले, “मामू, वजन बघा.” मालकाने हात मध्ये घातला. आम्ही व्हिसावर आलेले पाहुणे, हे त्याने बोलण्यावरून ओळखले होते. तिथल्या केंद्रीय कायद्याने पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण तो परवाना आमच्याकडे नव्हता. आम्हाला तर बरेच वाटले. आपल्याकडे एका परवान्यासाठी पोलीस ठाण्यापासून जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत चपला झिजतात. तिथे नागरिकाने एक अर्ज भरायचा, दुकानदाराने सरकारी यंत्रणेकडे गुन्ह्याची नोंद तपासून घ्यायची, आणि बहुतेकदा त्याच दिवशी पिस्तूल घेऊन घरी. अलास्कात ते अंगावर बाळगायलाही सज्ञान माणसाला वेगळा परवाना लागत नाही. इतकी सोपी खरेदी पाहून आम्हाला उलट धास्तीच वाटली.

पुढचा तासभर जे ऐकले ते आम्हाला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. माणसासाठी बनवलेली पोकळ टोकाची गोळी अंगात शिरली की फुलते आणि थांबते. अस्वलाची चरबी, खांद्याचे स्नायू, जाड हाडे यांतून आत जायचे तर गोळी कठीण शिशाची, चपट्या टोकाची, न फुलणारी हवी. अशी एकेक गोळी दोन डॉलरच्या पुढे पडते, म्हणून लोक सराव करत नाहीत, आणि तिथेच घोळ होतो. रिव्हॉल्व्हर अडकत नाही, अस्वल अंगावर पडलेले असताना नळी त्याच्या अंगाला टेकवूनही उडते. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात गोळ्या जास्त आणि धक्का कमी, पण हात नीट पकडीत नसला किंवा नळी दाबली गेली तर ते अडू शकते. कमरेला बांधले तर पाठीवरच्या बॅगेचा पट्टा आड येतो, म्हणून छातीवर. आणि खरे विचाराल तर रायफल किंवा मोठ्या नळीची बंदूक पिस्तुलापेक्षा केव्हाही बरी. अमेरिकी वनखात्याने १९८३ साली अलास्कातल्या आपल्या माणसांसाठी जवळच्या अंतरावरून वेगवेगळ्या गोळ्यांची तुलना केली होती, त्यात रायफली पुढे आणि पिस्तुले मागे राहिली. पिस्तुलाचा फायदा एवढाच की ते कायम अंगावर असते, गळ टाकतानाही.

मालकाने २०१६ सालचा एक किस्साही सांगितला. एका जुन्या मार्गदर्शकाने धावून येणारे तपकिरी अस्वल चक्क नऊ मिलिमीटरच्या छोट्या पिस्तुलाने लोळवले. ऐकून भाच्याचे डोळे चमकले. मालक म्हणाला, “तो माणूस तीस वर्षांहून जास्त अस्वलांत वावरलेला. तू त्याचं पिस्तूल विकत घेऊ शकतोस, त्याची तीस वर्षं नाही.”

अस्वल ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने धावू शकते. दाट झुडपांच्या पायवाटेवर ते दिसते तेच तीस मीटरवर. म्हणजे दोन सेकंद. मालकाची स्वतःची परीक्षा अशी, की तेवढ्या वेळात पिस्तूल काढून, घरंगळत येणाऱ्या ताटाएवढ्या निशाण्यावर दोन गोळ्या बसल्या पाहिजेत. शेजारच्या मैदानावर त्याने भाच्याला भाड्याचे ४४ मॅग्नम दिले. आम्ही काचेमागे उभे. पहिली गोळी कागदाच्या कडेला लागली, बाकीच्या पाचांतली एकही नाही. निशाणा जागच्या जागी उभा होता आणि अंतर सात मीटर. प्रत्येक बारानंतर नळी आकाशाकडे जायची आणि भाचा डोळे मिटायचा. परत येताना गाडीत तो गप्प होता. उजव्या हाताचा अंगठा चोळत होता.

रात्री, म्हणजे घड्याळातल्या रात्री, जेवणानंतर बोलणे झाले. बायको म्हणाली, “अस्वल वर्षातून एकदा भेटेल न भेटेल. हे मात्र रोज घरात असणार. कुलूपबंद पेटीत ठेवलं तर तुम्हाला सापडेल, उघडं ठेवलं तर धाकट्याला सापडेल.” भाच्याने पेटीच्या किल्लीबद्दल, बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या तिजोरीबद्दल काही सांगायचा प्रयत्न केला. तिने मुद्दा बदलला नाही. “आणि तुम्ही नदीत उभे असताना अस्वल आमच्याकडे आलं तर? पिस्तूल एकच, तेही तुमच्या छातीवर. मी, मुमानी, मुलं, आमच्या हातात काय?”

याचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळ नव्हते.

उत्तर दुसऱ्या दिवशी आले ते मिरचीचे. तिकडे अस्वलासाठी फवाऱ्याचा डबा मिळतो, लाल रंगाचा, पाण्याच्या बाटलीएवढा. मिरचीला तिखट करणारे कॅप्सेसिन त्यात दाबाखाली भरलेले असते. चाप दाबला की पंचवीस-तीस फुटांपर्यंत नारिंगी ढग उठतो, आणि सात ते नऊ सेकंदांत डबा रिकामा. अस्वल त्या ढगात शिरले की डोळे, नाक, घसा एकदम पेटतात. नेम धरावा लागत नाही, आणि अस्वल मरतही नाही. भाच्याला हे माहीत होते, पण इतर अनेक पुरुषांप्रमाणे त्याचाही मिरचीवर विश्वास नव्हता.

त्याच्या बायकोने मात्र अभ्यास केला होता. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वलांच्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह अलास्कातल्या खऱ्या घटना गोळा केल्या आहेत. २००८ च्या निबंधात १९८५ ते २००६ मधल्या फवारा वापरलेल्या ८३ घटना आहेत. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा फवाऱ्याने त्यांचे वागणे थांबले, आणि जवळून गाठ पडूनही फवारा जवळ असलेल्या ९८ टक्के माणसांना इजा झाली नाही. २०१२ च्या निबंधात बंदुकांच्या २६९ घटना आहेत, १८८३ पासून २००९ पर्यंतच्या. पिस्तूल ८४ टक्के वेळा कामी आले, लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के. पण बंदूक जवळ असणाऱ्यांपैकी ज्यांनी ती चालवली आणि ज्यांनी नाही चालवली, त्यांच्या जखमी होण्यात फारसा फरक दिसला नाही.

हे आकडे समोरासमोर ठेवून निकाल देऊ नये, असे आमचे मत. फवाऱ्याच्या घटनांतली सगळी अस्वले काही धावून येणारी नव्हती, काही नुसती कुतूहलाने तंबूभोवती घुटमळणारी होती. वारा उलटा असला तर ढग आपल्याच तोंडावर येतो, मुसळधार पावसात त्याचा जोर कमी होतो. पण एक गोष्ट आम्हाला पटली. बंदूक फसली ती बहुधा काढायला, खटका सरकवायला, नेम धरायला वेळ न मिळाल्याने. काचेमागून आम्ही जे पाहिले होते, ते हेच.

चार डबे आले, मोठ्या माणसांना एकेक, आणि सरावासाठी बिनतिखटाचा एक. अंगणात आम्ही पाळीपाळीने पिन काढून चाप दाबायला शिकलो. मुमानींना दुसऱ्याच खेपेला जमले. भाच्याला पिन शोधायलाच वेळ लागत होता, त्यावर त्याची मुलगी खो खो हसली. मुलांना एकच धडा दिला, काहीही झाले तरी पळायचे नाही. धावणाऱ्याचा पाठलाग करणे अस्वलाच्या रक्तात आहे.

अँकोरेजहून केनाई द्वीपकल्पाकडे जाणारा रस्ता खाडीच्या काठाने जातो. एका बाजूला भरतीचे राखाडी पाणी, दुसऱ्या बाजूला सरळ उभा डोंगर. शहर सुटल्यावर थोड्याच वेळात मॅकह्यू ओढ्याची पाटी लागली. १९९५ साली तिथल्या पायवाटेवर धावायला गेलेल्या आई आणि मुलाला तपकिरी अस्वलाने मारले. मेलेल्या मूसवर ते अस्वल राखण बसले होते, आणि ही दोघे नकळत त्याच्या अन्नापाशी पोचली. शहराच्या इतक्या जवळ. बाबांच्या मोहाच्या झाडाखालीही याहून वेगळे काय घडले होते?

कूपर लँडिंगजवळ, रशियन नदीच्या काठी गाडी ठेवली. पायवाट सुरू होण्याआधी सामानाची झडती झाली, आणि ती बायकोनेच घेतली. वासाची प्रत्येक वस्तू अस्वलाला न उघडता येणाऱ्या जाड डब्यात गेली पाहिजे. कबाब, लोणचे, मसाल्याची पुडी ठीक. पण दंतमंजन, साबण, मुमानींचे खोबरेल, आणि आमची अत्तराची कुपीसुद्धा! आम्ही म्हटले, “अगं बेटा, हे ऊद आहे, खायचं नाही.” ती म्हणाली, “मामू, ते अस्वलाला कोण सांगणार?” अत्तराची कुपी गाडीतही न ठेवता पार्किंगजवळच्या लोखंडी पेटीत कुलपाआड राहिली.

तळ्याकाठची खोली पाच किलोमीटरवर. झाडे दाट, खाली कमरेएवढे गवत. आम्ही सारखे बोलत चाललो, वळणावर टाळ्या. लहान घंटा लावून उपयोग होत नाही म्हणतात, माणसाचा आवाज हवा. मुमानींनी आमच्याकडच्या बायका रानात घालतात तशी लांब हाळी घातली, आणि चार वर्षांच्या धाकट्याने ती उचलली ती दोन दिवस सोडली नाही. वाटेत चिखलात पंजा उमटलेला होता, पाच नखांच्या खुणा बोटांपासून लांब पुढे. भाच्याने शेजारी आपला बूट ठेवला. पंजा रुंदीने बुटाच्या दुप्पट भरला.

वाटेवर एक वयस्क मासेमार परत येताना भेटला. छातीवर ४४ मॅग्नम, पट्ट्याला फवाराही. भाच्याने विचारल्यावर तो थांबला. त्याने एकदा गोळी झाडली होती, पुष्कळ वर्षांपूर्वी. अस्वल जखमी होऊन झाडीत शिरले, आणि ते तसेच सोडले तर पुढच्या वाटसरूचा घात होणार, म्हणून खात्याच्या माणसांबरोबर ते शोधण्यात त्याचा दिवस गेला. अलास्कात जीव वाचवण्यासाठी अस्वल मारले तर गुन्हा नाही, पण कातडे नखांसकट काढून, कवटीसह सरकारजमा करावे लागते आणि पंधरा दिवसांत लेखी जबाब द्यावा लागतो. खाणे उघड्यावर टाकून आपणच अस्वलाला बोलावले असेल तर बचावाचा दावा टिकत नाही. “त्यानंतर हा पट्ट्याला आला,” फवाऱ्यावर थाप मारत तो म्हणाला. “पण पिस्तूलही सोडलं नाही. शरद ऋतूत मूसचं मांस सोलत गुडघ्यावर बसलेलो असतो ना, तेव्हा सोडवत नाही.” आम्हाला त्याचे हे म्हणणे रास्त वाटले. जंगलात रोज रक्तामांसाशी काम करणाऱ्याची गरज वेगळी, आमच्यासारख्या सहलीला आलेल्यांची वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या तोंडाशी, जिथे पाणी पुन्हा नदी होते, तिथे पलीकडच्या काठावर ती दिसली. मादी, खांद्यावर उंचवटा, मागे दोन पिले. मध्ये साठेक मीटर आणि गुडघाभर पाणी. ती मागच्या पायांवर उभी राहिली. हे चाल करण्याचे लक्षण नसते, ती बघते आणि वास घेते, हे आम्ही ऐकले होते. ऐकलेले त्या क्षणी काही आठवत नाही. भाच्याची बायको हळू, रोजच्या आवाजात बोलू लागली, “आम्ही जातोय, आम्ही जातोय,” चक्क मराठीत. तिने धाकट्याला उचलले, मोठीने आमचा हात धरला. आम्ही तोंड तिच्याकडे ठेवून मागे मागे सरकलो. मुमानींच्या हातात डबा होता, पिन काढलेली. मादीने एकदा फुस्कारा टाकला, चारी पायांवर आली, आणि पिलांना घेऊन गवतात गेली. सगळे मिळून मिनिटभराचे असेल.

खोलीत येऊन दार लावल्यावर भाचा म्हणाला, “मामू, माझा हात छातीवर गेला होता. जिथे काहीच नव्हतं तिथे.” त्याचा डबा कमरेला होता, तो त्याला आठवलाच नव्हता. संध्याकाळी त्याने पट्टा उलगडून डबा छातीवर घेतला आणि तळ्याकाठी वीस-पंचवीस वेळा काढून ठेवून पाहिले. पिस्तुलाचा विषय त्याने सोडलेला नाही. सप्टेंबरात मित्रांबरोबर मूसच्या शिकारीला जायचे तर हिवाळाभर शिकवणी लावीन आणि मगच घेईन, असे त्याने बायकोला सांगितले. पेटी तिच्या पसंतीची, किल्ली तिच्याकडे. ती “बघू” म्हणाली.

विमानात फवारा नेता येत नाही, ना हातातल्या सामानात, ना खालच्या. आमचे दोन्ही डबे तिथेच राहिले. चंद्रपूरला आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी बाबा दूध घालायला आले, तेव्हा आम्ही त्यांना फोनवरचा फोटो दाखवला आणि सगळे सांगितले. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला.

“मिरचीच आहे जी ही? आपल्या भिवापुरीवानी?”

“मिरचीच. पण डब्यात दाबून भरलेली.”

“केवढ्याला?”

“पंचेचाळीस डॉलर. चार हजारांच्या आसपास.”

“आन् किती दिवस पुरते?”

“आठ सेकंद.”

बाबांनी फोन परत दिला, चरवी उचलली, आणि फाटकापर्यंत जाऊन वळून म्हणाले, “माहा टिनाचा डबा बरा साहेब. वाजवला का दिवसभर वाजते.”